बियाण्याचे एक पाकीट आणि तीन प्रश्न

मृग नक्षत्र तोंडावर आले की जालन्याच्या मोंढ्यात एक वाद दरसाल उभा राहतो. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर, हमालांच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर विषय तोच असतो: कापसाचे बीटी बियाणे. एक पक्ष म्हणतो, "बीटी आले म्हणून कापूस राहिला, नाहीतर अळीने केव्हाच खाल्ला असता." दुसरा म्हणतो, "बीटी आले आणि बियाणे घरातून गेले. शेतकरी कंपनीचा सालगडी झाला." दोघांचाही आवाज चढतो, चहा निवतो, आणि शेवटी दोघेही एकाच दुकानातून तेच पाकीट घेऊन घरी जातात.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे हमाल, जिनिंगमधील कामगार आणि शेतमजूर यांच्या संघटनेत घालविली. या वादात आम्ही तटस्थ होतो असे म्हटले तर ते खोटे होईल. एके काळी आम्ही दुसऱ्या पक्षात होतो आणि आमचाही आवाज चढलेला असे. आज आम्ही पहिल्या पक्षात गेलो आहोत असेही नाही. आमचे मत आता एवढेच झाले आहे की हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती रीतच चुकीची आहे. पाकिटाकडे बोट दाखवून आपण एकच प्रश्न विचारतो, "चांगले की वाईट?" वास्तविक त्या पाकिटात तीन प्रश्न बांधलेले असतात. पहिला: हे तंत्र सांगितलेले काम करते का, आणि कोठवर करते? दुसरा: ते कोणाच्या मालकीचे आहे, कोणत्या रूपात आणि काय भावाने विकले जाते? तिसरा: त्यावर राखण कोणाची, आणि ते फसले तर नुकसान कोणी सोसावयाचे?

पहिला प्रश्न शास्त्राचा, दुसरा व्यापाराचा आणि तिसरा राज्यकारभाराचा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधले की वादाचे भांडण होते. "तंत्र उत्तम आहे, तेव्हा किंमतीविषयी बोलू नका" हे जसे चूक, तसेच "कंपनी नफेखोर आहे, तेव्हा तंत्रही खोटे" हेही चूक. हे तीन प्रश्न एकेक करून सोडवून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

घरची सरकी आणि बाजारचे पाकीट

"जालना, सोन्याचा पाळणा" असे जुने लोक म्हणत. त्या काळी तो पाळणा व्यापाराचा होता. पुढे या गावाला दुसरी ओळख मिळाली ती बियाण्याची. बद्रीनारायण बारवाले या गृहस्थांनी १९६४ साली येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपण जिला महिको म्हणतो ती, सुरू केली. आरंभ भेंडीच्या 'पुसा सावनी' या वाणाच्या बियाण्यापासून झाला होता. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग जालन्यात बियाण्याच्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. आज जाफ्राबाद, देऊळगाव राजा या पट्ट्यात शेतोशेती शेडनेट उभी दिसतात. त्यांतील कित्येकांत बियाण्यासाठी भाजीपाला पिकविला जातो. म्हणून हा वाद आपल्यासाठी परका नाही. ज्या बियाण्यावरून देशभर चर्चा झाल्या, न्यायालये गाजली, त्याचा एक धागा आपल्याच गावातून निघालेला आहे.

त्याआधी कापसाचे बियाणे कोठून येत असे? जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरे. शेतकरी तीतली चांगली सरकी राखून ठेवी, शेणामातीत घोळून वाळवी आणि पेरी. बियाण्याला वेगळी किंमत अशी नव्हतीच. १९७० साली गुजरातेत सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण तयार केला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला कापसाचा तो जगातील पहिला संकर. मराठवाड्याचे नाव त्यानंतर आले. आपल्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातून निघालेला एनएचएच-४४ हा वाण १९८० नंतरच्या काळात कोरडवाहू शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतला. तो सरकारी वाण होता, हे या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

संकरित बियाणे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. कापसाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. एका वाणाच्या फुलातील पुंकेसर संध्याकाळी हाताने काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्यावर लावावयाचे. याला आपल्याकडे 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम एकेका फुलावर, हातानेच, आणि बहुतकरून बाया-मुलींच्या हाताने होते. त्यातून जी सरकी येते तिचे पीक जोमदार असते; पण त्या पिकाची सरकी पुन्हा पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत आणि जोम उतरतो. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. म्हणजे बियाणे घरातून गेले ते बीटीमुळे गेले असे नव्हे. ते त्याआधी तीस वर्षे संकरामुळे जाऊ लागले होते. आमच्या जुन्या भाषणांत आम्ही ही गोष्ट गाळीत होतो, हे येथे कबूल करतो.

पहिला प्रश्न: काम करते का?

बोंडअळ्या तीन. अमेरिकन म्हणजे हिरवी, दुसरी ठिपक्यांची आणि तिसरी गुलाबी, जिला पुष्कळ लोक शेंदरी म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात हिरव्या अळीने असा उच्छाद मांडला की आठवड्याला फवारणी करूनही बोंड हाती लागेना. औषधांना अळी दाद देईनाशी झाली. त्या काळी कर्ज झाले ते पुष्कळदा औषधाच्या उधारीचे होते.

मातीत बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. त्याच्या नावातील आद्याक्षरांवरून 'बीटी' हे नाव आले. तो एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील रस क्षारधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्याला भोके पाडते. अळी खाणे सोडून मरते. माणसाच्या पोटातील रस आम्लधर्मी असतो, आणि ते प्रथिन चिकटावयास लागणारी जागाही आपल्या आतड्यात नसते. हे प्रथिन बनविण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे ते जनुक शास्त्रज्ञांनी कापसात घातले. मग झाडच अळीचे औषध झाले. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने महिकोच्या तीन बीटी संकरांना परवानगी दिली. २००६ साली दोन जनुके असलेले दुसरे रूप, बोलगार्ड-२, आले.

काम झाले का? झाले. हिरव्या अळीचे भय सरले आणि तिच्यासाठीच्या फवारण्या एकदम उतरल्या. २००२-०३ साली देशाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारे ३०० किलो रुईचे होते. २००७-०८ मध्ये ते ५५० किलोंच्या वर गेले. यातले सगळे श्रेय बीटीचे नव्हे. गुजरातेतील वाढलेले पाणी, खते आणि रसशोषक किडींवरील नवी औषधे यांचाही त्यात वाटा होता. पण बीटीचा वाटाच नव्हता असे म्हणणे म्हणजे त्या वर्षी मोंढ्यात उतरलेला कापूस न पाहणे होय. आमच्या हमालांनी तो पाठीवर वाहिला आहे.

कोठवर काम झाले, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. बीटीने मावा, तुडतुडे, पांढरी माशी मरत नाही. त्यांच्यासाठी फवारणी चालूच राहिली. आणि गुलाबी अळीच्या बाबतीत हे तंत्र हरले. २०१० साली गुजरातेतील चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला पचवू लागल्याचे मॉन्सॅन्टोनेच जाहीर केले. पुढे तिने दुसरेही पचविले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जो घात केला तो आपण सर्वांनी पाहिला. बोंड बाहेरून हिरवेगार आणि आत किडके. वेचायला गेलेल्या बायांच्या हाती कापसाऐवजी कवडी आली, आणि वेचणीची मजुरी किलोवर असल्याने दिवसाचा रोजही अर्ध्यावर आला. आज देशाची सरासरी ४५० किलोंच्या आसपास उतरली आहे, आणि महाराष्ट्राची त्याहूनही कमी आहे.

गुलाबी अळीच का? हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो सगळ्यांवर जगते. त्यामुळे बीटी न खाल्लेल्या साध्या अळ्यांची वस्ती शिवारात कायम राहते. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. सगळा शिवार बीटीचा झाला की जी थोडी अळी विष पचवून जगते तिचे लग्न तिच्यासारखीशीच लागते, आणि पुढची सगळी पिढी विष पचविणारी निपजते. हे होऊ नये म्हणून नियम असा होता की शेताच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात, म्हणजे तेथे साध्या अळ्या वाढतील आणि संकर होऊन पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येत असे. ती पुडी किती जणांनी पेरली? पुष्कळांनी बांधावर फेकली, हे आपण जाणतो. पण तीन एकरांच्या धन्याला "चार ओळी अळीला खायला लाव" एवढेच सांगून चालत नाही. का लावावयाच्या ते त्याला कोणी नीट समजावून सांगितले नाही, आणि त्या ओळींचे नुकसान कोणी भरून देणार होते असेही नाही.

मौज अशी की याच अळीला अमेरिकेने घालवून दिले. तेथे बीटी कापूस, वांझ केलेल्या पतंगांची सोडणी, हंगाम संपताच पऱ्हाटीचा नायनाट आणि शेतकऱ्यांची एकजूट या सर्वांची जोड दिली गेली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील सरकारने गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. हत्यार एकच, एका ठिकाणी जिंकले, दुसऱ्या ठिकाणी हरले. तेव्हा हत्यार बरे की वाईट एवढ्यावर न थांबता, ते कोणत्या रूपात दिले गेले आणि त्यावर राखण कशी झाली इकडे वळणे भाग आहे.

दुसरा प्रश्न: कोणाचे आणि काय भावाने?

अमेरिकेची मॉन्सॅन्टो आणि आपली महिको यांची निम्मी-निम्मी भागी असलेली कंपनी १९९८ साली झाली. जनुक तिच्या हाती, आणि इतर बियाणे कंपन्यांनी ते तिच्याकडून घ्यावयाचे. आरंभी ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० ते १८५० रुपयांना मिळे आणि त्यातले सुमारे १२५० रुपये जनुकाचे शुल्क म्हणून जात. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले. २००६ साली आयोगाने शुल्क जबर असल्याचा निर्वाळा दिला, आणि आंध्रने पाकिटाची किंमत ७५० रुपये ठरविली. इतर राज्ये त्या वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीचा स्वतंत्र कायदा केला. पुढे केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ साली बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यात शुल्क ४९ रुपये ठरले. २०१८ ला शुल्क ३९, २०१९ ला २०, आणि २०२० पासून शून्य. २०२५ च्या हंगामासाठी ४७५ ग्रॅमचे पाकीट ९०१ रुपयांना ठरले.

कामगार चळवळीतील माणूस या हकिकतीने खूश होणार हे उघड आहे. १२५० रुपये शून्यावर आले! पण हिशोब नीट मांडला पाहिजे. २००९ नंतर कापसात एकाही नव्या जनुकाला परवानगी मिळालेली नाही. मॉन्सॅन्टोच्या तणनाशक सोसणाऱ्या कापसाचा जो अर्ज होता तो २०१६ साली मागे घेण्यात आला. पेटंटावरून खटला झाला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द केले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा चौकशीला पाठविले, आणि २०२१ साली उभयपक्षी तडजोड झाली. कंपनीचा पक्ष असा की शोधाला दाम नसेल तर शोध येणार कोठून? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घाम गाळणाऱ्याला दाम मिळाला पाहिजे असे आम्ही जन्मभर म्हणत आलो. ते डोक्याने काम करणाऱ्यालाही लागू आहे. दाम किती, आणि तो एकाच मक्तेदाराने ठरवावयाचा का, हा वादाचा भाग आहे.

किंमतीहूनही मोठा निर्णय मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटला. हे जनुक आपल्या देशात जवळजवळ सर्वत्र संकरित वाणांतच विकले गेले. जगातील दुसरे बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाण लावतात, ज्यांची सरकी पुन्हा पेरता येते. संकरित बियाणे म्हणजे दरवर्षीची विक्री. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे तीन परिणाम झाले. एक, बियाणे महाग म्हणून झाडे विरळ लावली गेली. दोन, आपल्याकडचे संकर लांब मुदतीचे असल्याने झाडे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहिली, शिवाय फरदड घेतली गेली, आणि गुलाबी अळीला बारमाही पंगत मिळाली. तीन, संकरित झाडाच्या बोंडातील सरकीचे सगळे दाणे सारखे नसतात. काही दाण्यांत विष असते, काहींत नसते, आणि अशा मिश्र जेवणावर अळीला विष पचविण्याची ताकद लवकर येते, असे आपल्याच देशातील कापूस शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे दुकानात घेतलेला निर्णय शेवटी बोंडात जाऊन उगवला.

मग सरकारने सरळ वाणाचे बीटी का दिले नाही? प्रयत्न झाला. 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणाचे सरकारी बीटी रूप २००९ साली शेतकऱ्यांपर्यंत गेलेही. पण त्यात मॉन्सॅन्टोचेच जनुक आढळल्याने त्याच वर्षअखेर ते थांबवावे लागले. आमचा नांदेडचा एनएचएच-४४ तर बीटीच्या लाटेत मागेच पडला. त्याचे बीटी रूप शेतकऱ्यांपुढे आले ते फार उशिरा. कंपनीला दोष देणे सोपे असते. सरकारी संशोधनाला वेळेवर पैसा, माणसे आणि जबाबदारी का मिळाली नाही, हे विचारणे अवघड असते, कारण त्याचे उत्तर आपण निवडून दिलेल्यांकडून घ्यावे लागते.

तिसरा प्रश्न: राखण कोणाची?

राखण म्हणजे परवानगी देणे एवढेच नव्हे. आपल्याकडे परवानगी पुष्कळदा पिकाच्या मागून आली. २००१ च्या ऑक्टोबरात गुजरातेत हजारो एकर बीटी कापूस विनापरवाना उभा असल्याचे उघड झाले. २००२ च्या परवानगीला त्याची पार्श्वभूमी होती. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारे, परवानगी नसलेले कापसाचे बियाणे उघडपणे लावून सत्याग्रह केला. तंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या धैर्याविषयी आम्हांला आदर आहे; परंतु चोरट्या बाजारातील पाकिटाला ना पावती ना हमी. उगवले नाही तर दाद कोठे मागावयाची?

दुसऱ्या टोकाला बीटी वांग्याची गोष्ट. तेही महिकोचेच काम. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने त्याला होकार दिला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूर धरून सात शहरांत जाहीर सभा घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी बेमुदत स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली तसले वांगे मान्य केले. स्थगिती योग्य होती की अयोग्य यावर मतभेद राहोत. आम्हांला त्या प्रसंगातील एक चांगली आणि एक वाईट गोष्ट दिसते. चांगली ही की सरकार लोकांपुढे जाऊन बसले. वाईट ही की 'बेमुदत' या शब्दाने पुढचे काम कोणाच्याच अंगावर टाकले नाही. आणखी कोणती परीक्षा, कोणी आणि किती वर्षांत करावयाची, हे ठरल्यावाचून दिलेली स्थगिती म्हणजे तारीख न पडलेला खटला होय.

नुकसान कोणी सोसावयाचे? डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने बोंडअळीग्रस्तांना कोरडवाहूसाठी हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीसाठी ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून येतील असे त्या हिशोबात धरले होते. कंपन्यांचे म्हणणे, बियाणे उगवले, झाड वाढले. अळी पचवू लागली हा आमचा दोष कसा? आकडा जाहीर करणे एक आणि वसूल होणे दुसरे, हे शेतकऱ्याला त्या वर्षी कळले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतल्या कित्येकांना हातमोजा आणि तोंडपट्टीही मिळाली नव्हती. फवारणारा बहुधा शेताचा मालक नसतो, म्हणून त्याचे नाव नुकसानीच्या पंचनाम्यातही येत नाही.

येथे आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील एका गावी शेतमजुरांच्या सभेत आम्ही ठराव मांडला: तणनाशकाचा कापूस येऊ देऊ नये, कारण त्याने निंदणीचा रोज बुडेल. टाळ्या पडल्या. मागे बसलेली एक वयस्क बाई उठून म्हणाली, "भाऊ, निंदायला आम्ही वाकतो, तुमचा ठराव नाही वाकत. आम्हाला रोज पाहिजे, वाकणं नाही पाहिजे. त्याच्या बदल्यात कोणतं काम देता ते लिहा ना ठरावात." सभेत हशा पिकला आणि आम्ही खाली बसलो. त्या बाईने पहिला प्रश्न आणि तिसरा प्रश्न एका वाक्यात वेगळे करून दाखविले होते. तण मारण्याचे तंत्र वाईट नव्हते. रोज बुडेल त्याची सोय कोणी करावी, हा प्रश्न वेगळा होता, आणि आम्ही दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर ठोकत होतो. त्या दिवशी ठराव बदलला. नवे बियाणे येण्याआधी त्याने किती मनुष्यदिवस काम जाईल याचा अंदाज सरकारने द्यावा, आणि तेवढे काम गावात दुसरे उभे करावे, अशी मागणी आम्ही लिहिली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या महाराष्ट्राला ही मागणी अगदीच अनोळखी वाटू नये.

वाद कसा घालावा

हे तीन प्रश्न कापसापुरते नाहीत. २०२४ साली स्मार्ट वीजमीटरवरून आपल्याकडे बराच वाद झाला. तेथेही तेच करावे. मीटर खरे मोजतो का, हे शेजारी जुना मीटर लावून पाहता येते. त्यासाठी घोषणा लागत नाहीत. मीटरचा खर्च कोणाच्या बिलात बसणार, हा दुसरा हिशोब. आणि आकडा चुकला तर तक्रार ऐकणारा माणूस तालुक्यात बसतो की नुसता यंत्रावरचा आवाज उत्तर देतो, हा तिसरा. ज्याला पहिल्याचे उत्तर 'होय' मिळाले त्याने दुसऱ्या दोहोंवर गप्प बसू नये, आणि ज्याचे दुसऱ्यावर भांडण आहे त्याने पहिल्याचे उत्तर खोटे सांगू नये.

कापसाकडे परत येऊन, शहरातल्या आणि गावातल्या मंडळींना चार कामे सुचवितो. बियाणे घेताना पक्की पावती घ्यावी; रिकामे पाकीट आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. बियाणे फसले तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पंचनाम्याची प्रत मागावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे की बियाणे घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे आणि ग्राहक आयोगाकडे (तेव्हाच्या ग्राहक मंचाकडे) जाण्याचा त्याला हक्क आहे. फरदड घेऊ नये; पऱ्हाटी वेळेवर उपटावी, आणि हे एकट्याने करून भागत नाही, साऱ्या शिवाराने मिळून केले पाहिजे. फवारणाऱ्याला हातमोजे, तोंडपट्टी आणि साबण-पाणी देणे हे धन्याचे काम समजावे. ज्यांना लिहितावाचता येते त्यांनी एक गोष्ट अधिक करावी. आपल्या विद्यापीठाने आणि सरकारी केंद्रांनी कमी मुदतीचे, सरळ वाणाचे, पुन्हा पेरता येणारे बियाणे कोणत्या साली देणार, हे आपल्या आमदार-खासदारांना पत्राने विचारावे आणि उत्तर येईपर्यंत दरसाल विचारीत राहावे.

येत्या मृगाला मोंढ्यात तोच वाद पुन्हा उभा राहील. त्या वेळी कोणी विचारले, "काय हो, बीटी चांगले की वाईट?" तर आपण पाकीट हाती घेऊन त्याला बाकावर बसवावे, आणि म्हणावे, "आधी सांगा, यांपैकी कोणता प्रश्न विचारता?" चहा निवायच्या आत उत्तर मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण मग निदान दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत असतील.